आवडाबाईंच्या गिरणीतलं ‘रबर’

आमच्या पुंडलिकनगरात आवडाबाईंची पिठाची गिरणी बावीस वर्षं चालू आहे. बाई मूळच्या कन्नड तालुक्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शाळा चौथीपर्यंत. पण गहू जुना की नवा, नीट वाळलाय की दमट आहे, हे त्या दोन दाणे चावून सांगतात. नवरा बन्सीभाऊ छावणीतल्या एका गॅरेजात मेकॅनिक. गिरणीची दुरुस्ती तेच करतात, आणि बायकोची थट्टाही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये आवडाबाईंच्या फोनवर एक व्हिडिओ आला. एक बाई कणकेचा गोळा नळाखाली धुतेय. पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात उरतो एक चिवट लगदा, ताणला की लांबणारा. खाली लिहिलेलं, ‘पाकिटातल्या पिठात प्लास्टिक! मुलांना वाचवा!’ आवडाबाईंना मनातून आनंदच झाला. आता लोक पाकिटं सोडून गिरणीवर येतील! त्यांनी लगेच तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला.

चार दिवसांनी तोच व्हिडिओ फिरून आला. बाई तीच, नळ तोच. फक्त मजकूर बदलला होता. ‘गिरणीच्या पिठात रबर! सावधान!’

“आवं, ही तर तीच बाई हाय!” आवडाबाई किंचाळल्या.

बन्सीभाऊ पोट धरून हसले. “तूच सोडलेलं कुत्रं हाय. आता तुलाच चावलं!”

पण हसू फार टिकलं नाही. दळणं कमी झाली. पारूबाई इतक्या वर्षांच्या गिऱ्हाईक, त्याही डबा पदराआड धरून समोरून निघून गेल्या. मग एक दिवस वैजनाथराव आले. हे निवृत्त इंजिनिअर, गावाकडं थोडी शेती, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. मी दळणासाठी तिथंच बसलो होतो. त्यांनी स्टीलची वाटी पुढं केली. आत तसाच चिवट लगदा.

“आवडाबाई, मी स्वतः धुऊन पाहिलं. हे तुमच्या पिठातून निघालंय.”

आवडाबाईंनी तो लगदा ताणून पाहिला. चेहरा उतरला. “खरंच निघालं व्हय,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि भर दुपारी गिरणी बंद करून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर बाई एकदम खुशीत.

“भाऊ, काल मी माझं पीठ धुतलं. रबर निघालं. मग दुकानातनं पाकीट आनलं, ते धुतलं. त्यातनंबी तेवढंच निघालं. कंपनीवाल्यानं प्लास्टिक घातलं म्हणावं, तर माझ्या पिठात कोण घातलं? मी तर नाय घातलं. म्हंजी हे गव्हातच असंल.”

“पण लोकांना पटणार कसं?”

“मी सांगून नाय पटायचं. डोळ्यानं बघू द्या.”

त्यांनी वैजनाथरावांना निरोप धाडला. रविवारी सकाळी या, तुमच्या शेतातला गहू घेऊन या, आणि थोडी ज्वारीही आणा. ज्वारी कशाला, ते सांगितलं नाही.

रविवारी वीसेक माणसं जमली. पारूबाई मागं उभ्या होत्या. बन्सीभाऊंनी गिरणी उघडून ब्रशनं झाडून काढली. आवडाबाईंनी आधी ज्वारी टाकली, आणि पडलेलं पहिलं पीठ बाजूला ठेवलं. “आधीच्या गव्हाचं चिकटलेलं पीठ ह्यात यायला नको,” त्या म्हणाल्या. मग गहू दळला. दोन्ही पिठांचे गोळे भिजवून झाकून ठेवले आणि अर्ध्या तासानं बादलीत धुवायला घेतले.

ज्वारीचा गोळा बघता बघता विरघळला. हात रिकामा. गव्हाच्या गोळ्यातून मात्र तोच चिवट लगदा उरला.

वैजनाथराव चष्मा वर करून पाहत राहिले. “पण हा तर माझ्या शेतातला गहू!”

“मग साहेब, शेतात रबर कोण पेरलं?”

सगळे हसले. तरी वैजनाथराव इंजिनिअर होते, सहजी सोडणार नव्हते. “खतातून आलं असेल.”

“ज्वारीला खत नाय घालत तुमी?”

“घालतो,” ते म्हणाले, आणि आता तेही हसले.

आवडाबाई बायकांकडं वळल्या. “गव्हाची पोळी आपण लाटतो, ज्वारीची भाकरी थापतो. ज्वारीचं पीठ साध्या पाण्यात भिजवून लाटायला गेलं तर तुटतं. का तुटतं? हा चिवटपणा गव्हात हाय, ज्वारीत नाय. आपल्या हाताला हे लई आधीपासनं ठाव होतं. व्हिडिओ बघितला आन् हाताचं इसरलो.”

वैजनाथरावांनी फोनवर शोधून मोठ्यानं वाचलं की हे गव्हातलं प्रथिन आहे, ग्लूटेन. आवडाबाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग जरा थांबून म्हणाल्या, “आन् एक सांगते. पाकिटाचं पीठबी मी धुतलं. त्यातबी हेच हाय. तो व्हिडिओ गल्लीत पयला मीच धाडला. चुकलं माझं.”

“अगं, हे कशाला सांगतीस?” बन्सीभाऊ कुजबुजले. “गिऱ्हाईक जाईल.”

“जाऊ द्या. खोट्यानं आलेलं काय कामाचं!”

तेच त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवरही टाकलं. पुढच्या आठवड्यात डब्यांची रांग पुन्हा दारापर्यंत आली. पारूबाईंनी डबा ठेवला आणि “माझं मेलीचं डोकंच फिरलं होतं,” म्हणत स्वतःच्या कपाळावर हात मारला. दोन घरं पाकिटावरच राहिली. आवडाबाईंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

आता लोक त्यांना काहीही विचारतात. अमुक रसानं साखरेचा आजार जातो का, असं गल्लीतल्या केसरबाईंनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “ते मला नाय ठाव. डॉक्टरला इचारा, आन् गोळ्या बंद करू नका.”

उन्हाळ्यात वैजनाथरावच व्हिडिओ घेऊन आले. कलिंगडाला लाल रंगाचं इंजेक्शन देतात म्हणे. आवडाबाईंनी दोन कलिंगडं मागवली. एकाला वैजनाथरावांच्याच हातून रंगाच्या पाण्याची सुई टोचून घेतली आणि गिरणीच्या कोपऱ्यात ठेवलं. चौथ्या दिवशी ते टोचल्या जागी पाझरायला लागलं. कापलं तर रंगाचा एक डाग एवढंच, बाकीचा गर होता तसाच.

“असलं कलिंगड कोण इकंल?” बाई म्हणाल्या.

दुसरं, न टोचलेलं, बन्सीभाऊंनी तिथंच चिरलं. वैजनाथरावांनी तीन फोडी खाल्ल्या.