सुनेचा कॉम्प्युटर मी उघडला तेव्हा

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण रायपूरच्या गुढियारीत मालधक्क्याजवळ ट्रकांची इंजिनं उघडण्यात चाळीस वर्षं काढली, म्हणून मशीनबद्दल कोणी मले शिकवायला आलं की डोकं फिरते. हे आधीच सांगून ठेवतो.

दिवाळीच्या थोडं आधी आमच्या सुनेचा कॉम्प्युटर बिघडला. पुरता बंद नाही. बटण दाबलं की पंखा फिरे, कंपनीचं चिन्ह येई, आता सुरू होते असं म्हणेपर्यंत पडदा निळा होई आणि त्यावर एक रडकं तोंड. मग आपोआप पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर चालू ठेवला तर दिवसभर रडे.

सून ऑफिसात नोकरी करते. पण त्या वर्षी आमच्या रायपूरच्या मराठी मंडळानं वधू-वर मेळाव्याची पुस्तिका तिच्याकडे दिली होती. तोवर ते काम कायम पुरुषांकडेच. साऱ्या पोट्ट्या-पोट्टींचे फोटो, शिक्षण, गोत्र, मामाचं गाव, सगळं तिनं सुट्ट्यांमध्ये बसून त्या डब्यात भरलं होतं, आणि शुक्रवारी छापखान्यात द्यायचं होतं. कॉम्प्युटरचा दुकानवाला घरी येऊन बाहेरूनच पाहून गेला. "दीदी, मदरबोर्ड गया. नया ले लो." सुनेचं तोंड पाहवत नव्हतं.

आणि मी काय केलं? सकाळी बुढातलावाच्या काठी आम्ही म्हातारे एका बाकावर बसतो. मंडळाचे सचिवही तिथेच असतात. त्यांना सांगितलं, "आजकालच्या पोरींले मशीन वापरता येत नाही जी. काहीबाही डाउनलोड करतात. बसली बिघडवून." मले वाटलं, मी मोठं ज्ञान देऊन राहिलो. सचिवांनी त्याच दिवशी सुनेला फोन केला : काम दुसऱ्याकडे देऊ का? ती म्हणाली, शुक्रवारपर्यंत थांबा.

गुरुवारी ती ऑफिसला गेली आणि मी स्क्रू खोलायला पेचकस घेतला.

"हात लावू नका," बायको म्हणाली. पन्नास वर्षांत तिनं हे वाक्य बदललं नाही.

"दुकानवाल्यानं उघडून तरी पाहिलं का?"

"त्याले समजते, म्हणून नाही उघडलं. तुम्हाले समजत नाही, म्हणून तुम्ही उघडता."

मी भिंतीतला प्लग काढला. करंट काही वय पाहून सोडत नाही. झाकण काढलं. आत सगळं बारीक, एकही नट ओळखीचा नाही. पण एका जागी दोन सारख्या हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि तिथे माझं मन बसलं. ट्रकाचं इंजिन ठोके चुकवू लागलं की सगळं इंजिन खोलायचं नसते. एकेका सिलिंडरचं डिझेल तोडायचं आणि आवाज ऐकायचा. ज्याचं तोडलं तरी इंजिनाले फरक पडत नाही, तोच चोर. इथेही तेच करू म्हटलं.

पहिली पट्टी काढली, दुसरीवर सुरू केला. चिन्ह आलं, निळा पडदा आला, रडकं तोंड आलं. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं फुली मारली. प्लग काढला, आता दुसरी बाहेर, पहिली आत. चिन्ह आलं, आणि मग माझ्या नातीचा फोटो आला, त्यावर सगळ्या फायली मांडलेल्या!

"चालला!" मी ओरडलो.

बायको झारा घेऊनच धावत आली. "जळला?"

"चालला म्हणतो."

"मग आता सोडा न बाप्पा!"

सोडतो कसा? पट्टी खराब की तिची जागा खराब, हे कोण सांगणार? रडवणारी पट्टी चांगलीच्या खाचेत बसवली. रडली. चांगली हिच्या खाचेत बसवली, तर चालली. घर बदललं तरी सवय गेली नाही. चोर पक्का सापडला. दुकानवाल्याचा मदरबोर्ड ठणठणीत.

मी छाती काढून ती पट्टी खिडकीशी नेली, चष्मा लावला. खालच्या कडेला सोनेरी दात होते. त्यातले पाच-सहा लाल.

बायकोनं बोट फिरवलं, वास घेतला. "कुंकू आहे हे."

तेव्हा मले दसरा आठवला, जो मी साफ विसरलो होतो. दसऱ्याला मी माझे पाने, हातोडे मांडून पूजा करतो. त्या दसऱ्याला सून माहेरी होती. मले वाटलं, घरातलं सगळ्यात मोठं मशीन तर हेच. झाकणाले कुंकू लावून काय होते, म्हणून झाकण काढलं आणि आत जे जे मानाचं दिसलं, त्याले ओलं हळद-कुंकू लावलं. त्या पट्टीवर जरा जास्तच, कारण ती पुढे उभी होती; ते ओघळून खाली दातांत गेलं.

खोडरबरानं दात घासले, पुन्हा लावून पाहिली. रडलीच. कुंकवाखाली दोन दात काळे पडले होते.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" बायकोनं विचारलं.

संध्याकाळी मी जेवायला बसलो, तेव्हा सुनेनं एका पट्टीवर चालणारा कॉम्प्युटर पाहिला, फायली उघडून पाहिल्या आणि मटकन खाली बसली. "बाबा, तुम्ही केलं हे? काय झालं होतं?"

"एक पट्टी खराब होती."

"रॅम? अशी काहून खराब झाली?"

मी पोळीचा तुकडा तोंडात टाकला. बायको खोकली. मग सांगितलं. वाटलं, पोरगी हसेल. हसली नाही.

"कुंकवाचं काही नाही बाबा," ती म्हणाली. "पण बाकावर तुम्ही जे बोलले, ते सगळ्या मंडळात फिरून राहिलं. पुस्तिका मी वेळेवर देईन, तरी लोक तेच म्हणतील."

मी ताट बाजूला सारलं. चाळीस वर्षांत दुसऱ्याचं बिघडवलेलं मी सुधारलं, स्वतः बिघडवलेलं दुसऱ्याच्या नावावर कधी टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्टी खिशात घालून तळ्यावर गेलो. सारे बसले होते. पट्टी सचिवांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "पूजा करताना हे मी जाळलं. सुनेचा काही दोष नाही. लावा तिले फोन, आणि सांगा." कोणीतरी म्हणालं, अहो, आधी बसा तरी. फोन लागून त्यांचं बोलणं होईपर्यंत मी उभाच राहिलो.