पिलू काय खाते वं, बेबे?

अण्णाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला शाळेत सहावीच्या वह्या तपासत बसले होते. फोन काकांच्या मुलीचा, वैशूचा. "ताई, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "असं कसं? परवाच तर भेटून आले मी." जणू मी भेटून आले म्हणून माणसानं आणखी पंधरा दिवस तरी थांबायला हवं होतं… याला आता दीड महिना झाला. लोक येऊन गेले, 'देवमाणूस होता' म्हणून गेले. मला त्याचा रागच येतो. काका देवमाणूस बिलकुल नव्हते. चिडके होते, हट्टी होते, हिंगणघाटच्या आमच्या कापडाच्या दुकानात एखाद्या बाईनं चौथं लुगडं उलगडायला लावलं की तोंड वाकडं करायचे. आणि त्या परवाच्या भेटीत त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता. उत्तर मला येत होतं. मी दिलं नाही. हे लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी त्यावर एक कार्टून लागायचं. नाव इंग्रजी, ते कोणाला धड म्हणता यायचं नाही. एक भाऊ, एक बहीण आणि एक म्हातारा वैमानिक. त्यांचं लहानसं विमान डोंगरांनी वेढलेल्या दरीत पडतं आणि तिथं लाखो वर्षांपूर्वीचे अजस्र प्राणी अजून जिवंत असतात. घरी जायची वाट काही सापडत नाही. त्यांच्यामागे लांब मानेचं एक लंगडं पिलू लागतं, ते त्यांना सोडत नाही. डायनासोर हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीपर्यंत पोचायचा होता, म्हणून सगळी पोरं त्या कार्टूनला 'घोरपडवालं' म्हणायची. अँटिना गच्चीवर, एका लोखंडी पाइपावर. वेणा नदीकडून वारा आला की ती फिरायची आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. एकदा काका ती सरळ करायला वर गेले, पाइप हातात धरला आणि चित्र एकदम लख्ख. सोडला की गेलं. तारेनं बांधून पाहिलं, विटांचा टेकू देऊन पाहिला, माझ्या बाबांनी स्वतः धरून पाहिला. छे. काकांचाच हात लागायचा. याचं कारण आमच्या घरानं कधी शोधलं नाही, काकांचा हातगुण म्हणून मान्य करून टाकलं. आणि नुकतं लग्न झालेला तीस वर्षांचा माणूस दर रविवारी अर्धा तास पाइप धरून गच्चीवर उभा राहू लागला. वरून ते विचारायचे, "आलं काय?" खालून आम्ही वीस पोरं एका सुरात ओरडायचो, "आलं!"

म्हणजे ते कार्टून सगळ्या गल्लीनं पाहिलं आणि ज्याच्या हातामुळे ते दिसायचं, त्यानं एकदाही पाहिलं नाही. मग संपलं की चहा घेऊन वर जायचं आणि काय झालं ते सांगायचं, हे काम माझं, म्हणजे बेबीचं; घरात सगळ्यात बडबडी मीच होते. काका पाइपाला टेकून बसत. तळहातावर गंजाचा तांबडा पट्टा. "हं, सांग," म्हणत. मी सांगायला लागले की मध्येच अडवत. "काऊन गेलं थे दलदलीत? कोणी धरून नाई ठेवलं काय त्याले?" मी म्हणायची, "मले काय माहीत काका, मी थोडीच तिथं गेलती." एकदा पिलू दलदलीत रुतलेलं असतानाच भाग संपला, तर हा माणूस दिवसभर दुकानात घुम्यासारखा बसून. रात्री जेवताना काकूनं विचारलं तर म्हणे, "लंगडं हाय थे. निघंन काय त्याच्यातून?" काकू घरात नवीन होती. तिला वाटलं, कोणाचं तरी वासरू. बिचारी आठवडाभर शेजारीपाजारी चौकशी करत होती.

मग एका रविवारी घोरपडवालं लागलंच नाही. निवेदिका हसून म्हणाली, आजपासून नवा कार्यक्रम. शेवट नाही, काही नाही. मागच्या भागात ती तिघं आणि पिलू एका गुहेच्या तोंडाशी उभी होती, ती तिथंच राहिली. पोरं तोंडं पाडून पांगली. तेवढ्यात वरून हाक आली, "आलं काय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आलं!" एवढ्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार होते मी? अर्ध्या तासानं चहा घेऊन वर गेले. काकांनी पहिलाच प्रश्न केला, "पोचले काय घरी?" मी म्हटलं, "पोचले." गुहेतून भुयार निघालं, भुयारातून नदी, नदीकाठी त्यांचं गाव, असं ठोकून दिलं. "अन् पिलू?" पिलाचा मी विचारच केला नव्हता. "तेही नेलं. घरामागं बांधलं."

"काय खाते थे?"

आमच्या गावात जनावर काय खातं हे पोरांना शिकवावं लागत नाही. जिनिंगमध्ये सरकी निघते, तेलघाण्यावर ढेप, म्हणजे पेंड, मिळते. मी म्हटलं, "सरकी अन् ढेप." काका माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "बराबर हाय. मंग तं मस्त वाढंन." चहा संपवला आणि दुकानात गेले. थाप खपली म्हणून मी खूश. पुढे कितीतरी दिवस ते विचारायचे आणि मी तेच सांगायची. मग माझं लग्न झालं, नोकरी, पोरंबाळं… ते सगळं मागे पडलं. मी विसरले. चक्क विसरले.

परवाच्या त्या भेटीत काका समोरच्या खोलीत खाटेवर पडून होते. आवाज खोल गेलेला. मी गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करत होते. तेवढ्यात म्हणाले, "बेबे, पिलू काय खाते वं?" मी काकूकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "भ्रमात गेले वाटते." मग वर्गात बोलते तशा मोठ्या आवाजात त्यांना म्हणाले, "काका, पिलू-बिलू कोणी नाही इथं. पाणी घ्या." त्यांनी दोन घोट घेतले. माझ्याकडे बघत राहिले, तसेच. म्हणाले, "असू दे. येजो." आणि मी पाचची बस पकडली.

तेरवी झाल्यावर वैशूनं सांगितलं. "ताई, तुमचं ते जुनं कार्टून मागच्या वर्षी मोबाइलवर सापडलं होतं. बाबांनी सगळं पाहिलं. शेवटी ते गुहेपाशीच थांबते, मी म्हटलं, बाबा, हे तं अर्धवटच हाय. तं हसले. म्हणे, 'मले माहीत हाय. त्या दिवशी खालून बाकी एक पोरगं ओरडलं नाई, एकटी बेबीच ओरडली, आलं म्हणून. पन या मोबाइलवाल्याइले पुढचं माहीत नाई. बेबीले माहीत हाय.'"

म्हणजे त्याच दिवशी कळलं होतं त्यांना. तरी अर्धा तास पाइप धरून उभे राहिले, मी चहा घेऊन येईपर्यंत. आणि इतक्या वर्षांनी त्यांना फक्त पुढचं ऐकायचं होतं. आणि मी पाणी पाजलं.

मागच्या रविवारी हिंगणघाटला गेले होते. अँटिना केव्हाच भंगारात गेली, पाइप मात्र आहे. काकूनं त्याला कपडे वाळवायची दोरी बांधली आहे. कपडे बाजूला सारले आणि दोन्ही हातांनी पाइप धरला. ऊन चटकत होतं. "सरकी अन् ढेप, काका," मी म्हटलं. "मस्त वाढलं आहे." खालून काकू चहासाठी हाका मारत होती. मला हात सोडवेना. सोडला की जातं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.