लाल ठिपका

कुसुमला एक खोड होती, अजूनही आहे. तिला कुणी लावून बोललेलं विसरता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासरच्या एका मावशीने तिच्या भाकरीला नाव ठेवलं, तर त्या मावशीच्या ताटात कुसुमने पुढे कधी भाकरी वाढली नाही. मावशी कितीही वेळा आल्या तरी त्यांना पोळी. अशा बाईवर सुधाकर सरांनी खोटा आळ घेतला. माणसाने वैर धरताना जरा तरी चौकशी करावी.

१९८५ साली ती शहाद्याहून नवऱ्यामागे सिल्वासात आली. नवरा राखोलीला प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागला आणि ती नरोलीतल्या एका लहानशा युनिटात. तिथे गिटारवाल्यांसाठी ओव्हरड्राइव्हची पेडलं बनत. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. दाबली की गिटारचा सूर आतल्या सर्किटमधून जातो, तिथे दोन डायोड त्याची टोकं छाटतात आणि सूर गुरगुरत बाहेर पडतो. पुन्हा दाबली की बायपास, म्हणजे सूर सर्किटला न शिवता बाहेरच्या बाहेर निघून जातो. लाइनवर बारा बायका होत्या. एकीनेही गिटार कधी हातात धरली नव्हती.

तिथली एक रीत होती. आपला सर्किटबोर्ड पुरा झाला की प्रत्येकीने त्याच्या कोपऱ्यात आपल्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे कुणाचं काम ते कळतं. कुसुमचा लाल, ममताचा पिवळा, सोनीचा हिरवा. ठिपका वाळला की बोर्डावर वॉर्निशचा हात फिरे, कारण सिल्वासाच्या पावसाळ्यात उघड्या बोर्डाला महिनाभरात बुरशी धरते. आधी ठिपका, मग वॉर्निश. हा क्रम कधी बदलत नसे.

सुरुवातीच्या पेडलांना एक रोग होता. स्विच दाबला की स्पीकरमधून फट्ट असा आवाज यायचा, फटाका फुटल्यासारखा. परळहून आलेले डिप्लोमावाले सुधाकर सर महिनाभर त्या आवाजामागे लागले होते. तो सापडला कुसुमला. एकदा तपासणीच्या टेबलावर तिच्या मीटरची काडी तोंडाशी असलेल्या कंडेन्सरला टेकलेली राहिली आणि स्विच दाबल्यावर आवाजच आला नाही. काडी काढली, थोडं थांबून दाबलं, फट्ट. पुन्हा टेकवली, गप्प. तिने दुपारचा डबा तसाच ठेवून विचार केला. बायपासमध्ये कंडेन्सरचं एक टोक अधांतरी राहतं, तिथे हळूहळू वीज साठते आणि स्विच दाबला की ती एकदम सुटते. मीटर तिला जमिनीकडे वाट करून देत होता. मग तिने ट्रेमधला सर्वांत मोठा, एक मेगाचा रेझिस्टन्स घेऊन त्या टोकापासून अर्थला जोडला. आवाज गेला तो गेलाच.

"अरे वा, कुसुमबेन," सुधाकर सर म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात तो रेझिस्टन्स सर्किटच्या नकाशावर आला, खाली त्यांची सही आली आणि दिवाळीला ते प्रॉडक्शन इन्चार्ज झाले. मला कुठं नाव पाहिजे होतं, असं कुसुम बायकांना सांगायची. खोटं सांगायची. तिला नाव पाहिजे होतं.

१९८९ मध्ये एक मोठी ऑर्डर आली आणि सरांना घाई झाली. नकाशा बघताना त्यांच्या लक्षात आलं की सूर त्या रेझिस्टन्समधून जातच नाही. मग तो हवाच कशाला? दुसऱ्याची अक्कल उचलली की अशी गत होते. वस्तू हाती येते, तिचं कारण मागेच राहतं. त्यांनी रेझिस्टन्स काढून टाकला, टेबलाशी उभं राहून स्विच टकटक दाबून पाहिला, आवाज आला नाही. कुसुम म्हणाली, "सर, असं पटपट दाबून नाय कळत. बायपासमधी पाच मिनिटं पडू द्या, मंग दाबा." सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दोन महिन्यांत पेडलं परत येऊ लागली. मुंबईहून कारखान्याचे मालक, शेठ, आले. सुधाकर सरांनी त्यांच्यापुढे परत आलेले बोर्ड मांडले. सगळ्यांच्या कोपऱ्यात लाल ठिपका. "एकाच बाईचे सोल्डरचे कच्चे टाके आहेत, शेठ," सर म्हणाले. सगळ्या लाइनसमोर म्हणाले. कुसुमला बोर्ड हातात घेऊही दिला नाही. ती टेबलाच्या अलीकडे उभी, बोर्ड पलीकडे, आणि तासाभरात ती गेटच्या बाहेर.

तिचा टाका कच्चा! त्या दिवशी तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो तिने जपून ठेवला. नरोलीतल्या दुसऱ्या कुठल्या युनिटने तिला घेतलं नाही, कारण ती पोचायच्या आधी तिची कीर्ती पोचलेली असायची. मग भाड्याच्या खोलीतच खिडकीपाशी फळी टाकून ती रेडिओ-टेप दुरुस्त करू लागली.

१९९१ साली तिच्याकडे गोकुळ आला. हा सिल्वासातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याचं पेडल एकदा कारखान्यातून दुरुस्त होऊन आलं होतं, तरी फट्ट होतंच. कुसुमने डबी उघडली. कोपऱ्यात लाल ठिपका होता. टाके मात्र तिच्या हातचे वाटेनात. मग तिने नख लावलं. लाल रंगाची खपली अलगद निघून आली, कारण तो वॉर्निशच्या वर बसलेला होता. खाली, वॉर्निशच्या आत, ममताचा पिवळा ठिपका होता.

सुधाकर सरांना रंग माहीत होते, क्रम माहीत नव्हता. लाइनवरच्या कुठल्याही बाईने ही चूक केली नसती.

"काय झालं, ताई?" गोकुळने विचारलं. "होईल ना दुरुस्त?"

एक रेझिस्टन्स, दोन टाके, पाच मिनिटांचं काम होतं. कुसुमने डबी मिटली. "माझ्याच्यानं नाय होणार, भाऊ. कारखान्यात परत धाड. आन् तक्रार लेखी दे, सुधाकर सरांच्या नावानं."

पुढच्याच लग्नात हळुवार गाण्याच्या ऐन शेवटी गोकुळच्या पेडलाने फट्ट केलं, वऱ्हाडी हसले आणि ऑर्केस्ट्रावाल्याने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. कुसुमला हे कळलं. वाईटही वाटलं. पण दमण, वापी, नवसारीहून वाजवणारे दुरुस्तीवाली म्हणून तिचं नाव विचारत येत राहिले आणि ती प्रत्येकाला तेच सांगत राहिली. ज्याला लिहिता येत नसे त्याची तक्रार ती स्वतः लिहून द्यायची, वळणदार अक्षरात. दोन वर्षं तिने हे केलं. कुणाच्या सुपारीच्या ऐन कार्यक्रमात तिच्यामुळे फजिती झाली असेल, तर झाली.

१९९३ च्या उन्हाळ्यात शेठ स्वतः तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. पहिल्यांदा तो आवाज घालवणारी कुसुमच, हे त्यांना लाइनवरच्या बायकांकडून कळलं होतं. कारखाना बंद पडायच्या बेतात आला होता, चाळीस पेडलं परत येऊन कपाटात पडली होती आणि बरोबर सुधाकर सर हातात पिशवी धरून उभे होते. शेठनी पिशवीतला त्या जुन्या ऑर्डरचा, लाल ठिपक्याचा एक बोर्ड पुढे केला. कुसुमने नख लावलं. लाल खपली शेठच्या तळहातावर ठेवली आणि खालचा हिरवा ठिपका दाखवला. शेठ धंद्यातला माणूस. त्यांनी एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा सुधाकर सरांकडे.

"बेन, पाछा आवी जाओ," ते म्हणाले. "परत या. इन्चार्ज तुम्ही."

"येते. पन ही चाळीस मी नाय करणार. सर करतील. माझ्या स्टुलावर बसून, सगळ्या बायांसमोर. मी फक्त पास करीन."

सुधाकर सरांनी शेठकडे पाहिलं. शेठ दमणगंगेच्या दिशेला बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बारा बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं. सर स्टुलावर बसले. कुसुमने त्यांच्यापुढे निळ्या नेलपॉलिशची नवी बाटली ठेवली. "लाल माझा हाय," ती म्हणाली. सरांनी रेझिस्टन्सचे पाय वाकवले, बसवले, सोल्डरगन टेकवली. डिप्लोमा काही खोटा नव्हता. टाका गोल बसला, चकचकीत. निळा ठिपका देऊन त्यांनी बोर्ड पुढे केला.

कुसुमने चिमट्याने रेझिस्टन्स ओढून पाहिला, हलला नाही. बोर्ड डबीत बसवून तिने पेडल पाच मिनिटं बायपासमध्ये ठेवलं. सगळ्या उभ्या होत्या. तिने स्विच दाबला. स्पीकर गप्प राहिला. ममताने सुटकेचा श्वास टाकला.

मग कुसुमने डबी उघडली, बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला आणि तो पक्का, निर्दोष टाका नीट बघून घेतला.

"कच्चा," ती म्हणाली. "परत."

सुधाकर सरांनी वर पाहिलं. तिला काय दिसलं ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे तिलाही. बारा बायका बघत होत्या. त्यांनी सोल्डरगन उचलली. यानंतर अजून एकोणचाळीस पेडलं बाकी होती.