न फोडलेलं मडकं

२०१६ च्या उन्हाळ्यात मी डहाणूच्या कॉलेजात जागतिक वाङ्मयाच्या पेपरला प्राचीन हिब्रू संदेष्टे शिकवत होते. देवाचा निरोप आणणारी ही माणसं नुसती बोलत नसत, करून दाखवत. एकाने कुंभाराचं मडकं विकत घेतलं आणि वडीलधाऱ्यांच्या देखत फोडलं. तुमचं नगर असंच फुटेल, पुन्हा सांधता येणार नाही, असं त्याला सांगायचं होतं. मडकं म्हणजे नगर. मुलं लगेच लिहून घेत आणि मला आपण फार हुशार आहोत असं वाटे.

त्याच उन्हाळ्यात झरीला, आमच्या गावी, माझी आई वारली. मी एकुलती मुलगी, म्हणून पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन, त्याला दगडाने भोक पाडू न देता, चितेभोवती बाबाच फिरले. मग ते मागे न बघता टाकायचं असतं. बाबांनी ते खाली उतरवलं, काठावरून अंगठा फिरवला आणि छातीशी धरलं.

"टाक रे," थोरले काका म्हणाले. "जीव अडकंल तिचा."

बाबांनी अग्नी दिला, पण मडकं घरी आणलं.

गावभर कुजबुज सुरू झाली. मी मात्र रडायचं सोडून अर्थ लावत बसले. काय करणार, खोडच ती! मडकं म्हणजे आई? की बाबा देवावर रुसलेत? एक अर्थ धरावा तर दुसरा निसटे. आणि आईचा जीव खरंच अडकला असेल तर? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी मी घाबरले होते. शेवटी बाबांना विचारलंच.

"घाईत नवं आणायचं राहिलं," ते म्हणाले. "कोणीतरी घरातलंच उचललं. तुझ्या आईचं पाण्याचं आहे ते. काठ उडालाय, बघ."

"एवढंच?"

"एवढंच."

माझा गोंधळ आणखीनच वाढला. हे फार थोडं होतं की फार मोठं, तेच कळेना.

काका दर पितृपक्षात तोच विषय काढत. दोन वर्षांनी मीच ठरवलं, या खेपेला मडकं ओढ्यावर नेऊन फोडायचं आणि आईला मोकळं करायचं. तलासरीला एसटीतून उतरले, तिथून उन्हातून झरीच्या घरी पोचले. बाबांनी त्याच मडक्यातून लोटा भरून दिला. जुनं मडकं पाणी गार करत नाही. पाणी चांगलंच कोमट होतं.

"गार आहे ना, बाय?" बाबांनी विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गार आहे," मी म्हणाले, आणि आणखी एक लोटा मागितला.