उन्हातले बूट

आज ह्यांचे जुने सेफ्टी शूज पलंगाखालून काढून उन्हात ठेवले. कातडं तापलं, त्याचा वास सुटला आणि मला सुपेल्याचं माहेरचं घर आठवलं.

लग्नाआधी एकदा हे ड्यूटीवरून सरळ आमच्याकडे आले होते, एकटेच. बूट दाराबाहेर उन्हात काढलेले. मी पडद्यामागे तांदूळ निवडत होते.

"काका, तुमचा आशीर्वाद असन तरच मी तिले लग्नाचं विचारीन," हे म्हणाले.

"मले काहून विचारून राहिला?" बाबा म्हणाले. "संसार तिले करायचा हाय. तिले इथंच विचार. हो म्हणली तं आशीर्वाद हायेच."

बाबांनी हाक मारली. मी दारात येऊन उभी राहिले. ह्यांनी विचारलं, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी हे मान खाली घालून उठले. आता हे कायमचे जातील, एवढंच मला कळलं. मी बाहेर गेले, तापलेले बूट उचलून सावलीत ठेवले आणि परत तांदळाजवळ जाऊन बसले.

"घ्या, भेटला जवाब," आई बाबांना म्हणाली. "बसवा त्याले." मग हसून म्हणाली, "पोरीले विचारता तरी. मले कोनं विचारलं होतं?"

बाबा हसले. पडद्यामागे मीही हसले.

आज वाटतं, आई थट्टा करत नव्हती. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? ती होती तोवर मीही तिला कधी विचारलं नाही.