टीं-टीं थांबली तेव्हा

मायक्रोवेव्ह टीं-टीं वाजला की मला झाशीतलं ते आयसीयू आठवतं. बाबा तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. बबिनाच्या छावणीत तोफांच्या धडाक्यात खुशाल झोपायचे, पण उशाशी टीं-टीं करणाऱ्या हृदयाच्या मशीनने त्यांचा डोळा लागू दिला नव्हता. बाहेर बाकावर मला मात्र त्याच आवाजाचा आधार होता. तो वाजतोय म्हणजे बाबा आहेत. एका पहाटे तो अचानक थांबला. मी अनवाणीच आत धावलो. नर्सने ओठांवर बोट ठेवलं. “भैया, आवाज अब सिर्फ हमारी टेबल पर आता है. उन्हें सोने दीजिए.” पडद्याआडून बाबांचं घोरणं ऐकू आलं आणि माझ्या जिवात जीव आला. आजही बाबा टीव्हीसमोर झोपले की त्या घोरण्यावर आई वैतागते. मी उठून टीव्ही बंद करतो.