तिसरं प्रकरण

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या ज्या शाळेत मी ग्रंथपाल आहे, तिथे नववीला आठवड्यातून एक वाचनाचा तास असतो. गेल्या वर्षी त्यासाठी मी एक इंग्रजी कादंबरी निवडली. शाळेत नव्यानं आलेल्या मुलीला बाकीच्या मुली कशा छळतात, त्याची गोष्ट. तिसऱ्या प्रकरणात ती डबा घेऊन बसते आणि टेबलावरच्या सगळ्याजणी उठून जातात. मुलांनी हे वाचावं, त्यांना काही वाटावं, असं माझ्या मनात होतं.

त्याच वर्गात पुण्याहून आलेली एक मुलगी होती. तिच्या वडिलांना शहराबाहेर ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तमिळ येत नसल्यामुळे ती वर्गात गप्प असायची, पण मधल्या सुट्टीत लायब्ररीत येऊन माझ्याशी मराठीत भरभरून बोलायची. माझं तंजावरी मराठी ऐकून तिला हसू यायचं. तिचं इंग्रजी वाचन फार छान होतं. वर्गालाही ते कळू दे, म्हणून तिसरं प्रकरण मी तिलाच मोठ्यानं वाचायला सांगितलं.

तिनं सुरेख वाचलं. वर्ग अगदी शांत होता. मी खूश झाले.

त्यानंतर ती लायब्ररीत यायची, पण कोपऱ्यात बसून राहायची. एकदा डबा खायच्या वेळी मी व्हरांड्यातून जात होते. ती बाकाशी आली, तशी एक मुलगी ओरडली, "चॅप्टर थ्री वंदाच्चु!" म्हणजे चॅप्टर थ्री आली. सगळ्या डबे उचलून उठल्या.

ओरडणारी माझी लाडकी वाचक होती. मी तिला बाजूला घेतलं. "ती गोष्ट ऐकून तुला रडू आलं होतं ना?"

"आलं होतं, मिस," ती तमिळमध्ये पुटपुटली. "पण मी ओरडले नसते तर मलाच चॅप्टर थ्री म्हणाल्या असत्या."

मग मी पुण्याच्या मुलीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

ती म्हणाली, "तुम्हीच मला वाचायला लावलंत ना, मिस. मला वाटलं, तुम्हालाही मी तशीच दिसते."

मी मुख्याध्यापिकांकडे गेले, वर्गाला बोलणी बसली, पुस्तक बंद झालं. ते नावही बंद झालं. पण ती दिसली की कुणीतरी तीन बोटं वर करायचं.

वर्ष संपल्यावर तिच्या घरच्यांनी कारखान्याजवळ घर घेतलं, तिची शाळा बदलली. दाखला न्यायला आलेली तिची आई मुद्दाम मला भेटायला आली. "मॅडम, परक्या गावात तुम्ही आपल्या माणसासारख्या होतात. म्हणून मला हिची काळजी नव्हती."

मुलगी शेजारी उभी राहून कपाटाकडे बघत होती. तिनं घरी काही सांगितलं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं. मी सांगायला हवं होतं.

"गुणी आहे हो तुमची मुलगी," एवढंच मी म्हणाले.